बिनवांग्याचा आय्वार

"आय्वार मी करतो," असे मेतोदिया फोनवर म्हणाला आणि पलीकडे, परदेशात माल्मोला, त्याच्या बायकोच्या हातून काहीतरी खाली पडल्याचा आवाज आला.

"कसला आय्वार?" ल्युबित्साने विचारले.

"कसला म्हणजे? आपला. दरवर्षीचा."

"अरे, मी तुला काय सांगत होते? खालच्या फान्काकडून चार बरण्या घे आणि शनिवारच्या गाडीनं पाठव. एवढंच काम. तू कशाला विस्तवाजवळ जातोस?"

झाले होते असे, की त्यांची लेक एलित्सा माल्मोला अंथरुणावर पडून होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले, डॉक्टरांनी उठायची बंदी केलेली. तिची काळजी घ्यायला ल्युबित्सा ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांसाठी म्हणून गेली आणि तिकडेच अडकली. एलित्साच्या पोटात काही ठरत नव्हते. सूप नको, मासा नको, जावयाने केलेले बटाटे तर बघायलाही नकोत. ठरत होता फक्त पावावर फासलेला घरचा आय्वार, म्हणजे भाजक्या लाल मिरच्या तेलात आटवून केलेली चटणी. गेल्या वर्षीची शेवटची बरणी पावाच्या कडेने पुसून झाली होती. जावयाने दुकानातून आणलेल्या बरणीचा तिने नुसता वास घेतला आणि "यात साखर आहे" म्हणून बशी बाजूला सारली. माल्मोला मिरच्या नगावर विकतात, आणि कुणी बाल्कनीत भाजायला घेतल्या तर खाली बंब येऊन उभा राहतो. तेव्हा आय्वार यायचा तर घरून, बितोलाहून यायला हवा होता, आणि लवकर.

मेतोदियाला आपल्या यशाबद्दल तिळमात्र शंका नव्हती. नगरपालिकेच्या सुव्यवस्था विभागात त्याने उभी हयात काढली होती. त्याच्या सहीशिवाय गावात कचऱ्याचा डबा इकडचा तिकडे हलत नसे. अशा माणसाला एक पातेले आवरू नये? शिवाय खाण्याच्या बाजूने तो या विषयातला जाणकारच होता. घरी पाहुणे आले की तो पावाचा तुकडा नाकाजवळ नेऊन सांगे, "आमच्या आय्वारला हा जो एक धुराचा वास आहे ना, तो बीचच्या लाकडाचा. इतरांचं लाकूड चुकतं." पाहुणे माना डोलवत. ल्युबित्साला नेमके त्याच वेळी स्वयंपाकघरातून आणखी पाव आणायचे सुचत असे. पण तिकडे त्याचे कधी लक्ष गेले नव्हते.

"बरं, कृती सांग," तो म्हणाला. "तेल किती?"

"ओढेल तेवढं."

"ओढेल म्हणजे? कोण ओढेल?"

"मिरची ओढते. तिचं झालं की ती सोडायला लागते. तेव्हा थांबायचं."

"मीठ?"

"चवीपुरतं."

"ल्युबित्सा, कुणाच्या चवीपुरतं? आणि ढवळायचं किती वेळ?"

"होईपर्यंत. कलथा फिरवला की पातेल्याचं बूड दिसायला हवं आणि लगेच झाकलं जायला नको. आणि हे बघ, एक मात्र नीट ऐक. वांगं घालायचं नाही. फान्का सांगेल. शास्त्र सांगेल. हात जोडेल. घालायचं नाही."

मेतोदियाने समोर कागद घेतला होता. फोन ठेवला तेव्हा त्यावर 'वांगे: नाही' एवढेच लिहिलेले होते, कारण साऱ्या कृतीत स्पष्ट अशी तेवढीच एक सूचना होती.

सकाळी तो कचऱ्याची पिशवी घेऊन जिना उतरला. तळमजल्यावर दाराशी खुर्ची टाकून सेव्दाआजी बसल्या होत्या. इमारत बांधली तेव्हापासून त्या तिथेच बसल्या असाव्यात असे सगळ्यांना वाटे.

"मेतोदिया, तू आय्वार करतोयस म्हणे," आजी म्हणाल्या.

हे त्यांना कसे कळले, हा प्रश्न त्याला पडला खरा. पण विचारायला वेळ मिळाला नाही, कारण तेवढ्यात जिन्यावरून आपोस्तोल उतरला. हा चौथ्या मजल्यावरचा, रहिवासी समितीचा अध्यक्ष. इमारतीत बल्ब बदलायचा तरी तो सभा बोलवायचा.

"मला काय, तुमचं तुम्ही करा," आपोस्तोल म्हणाला, "पण चिमूटभर साखर घाला. रंग उठतो."

सेव्दाआजींनी छातीवर क्रूसाची खूण केली. "साखर घालायला तो काय जाम आहे? मीठ आणि तेल. माझ्या सासूनं तिसरं काही घातलं नाही, आणि ती शंभरीला टेकून गेली."

"आजी, त्या आय्वारमुळे नाही जगल्या."

"मग कशामुळे जगली? तू सांग! तू होतास का तिथं?"

या इमारतीत कृती देणारा प्रत्येक जण "मला काय" असे म्हणून सुरुवात करी आणि समोरच्याने ती मोडली तर वर्षभर तोंड फिरवी. बरे, कृती पुरती कुणीच सांगत नसे. कुणी भाजायचे सांगेल पण वाफ धरायचे सांगणार नाही, कुणी लसूण सांगेल पण तो कधी घालायचा ते आपल्याजवळच ठेवील. मेतोदिया कोपऱ्यावरच्या कचऱ्याच्या डब्यापर्यंत जाऊन परत येईस्तोवर त्याला व्हिनेगर घालावे, घालू नये, मिरची हाताच्या यंत्रात दळावी, सुरीने चिरावी, आणि पातेले अॅल्युमिनियमचे अजिबात नको, अशी मते मिळाली. ऐकताना तो, कार्यालयात अर्ज ऐकून घ्यायचा त्याच चेहऱ्याने, "नोंद घेतली" असे म्हणत होता.

दुसऱ्या मजल्यावर फान्काचे दार उघडेच होते. ही फान्का शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. निवृत्त झाली, पण समोर माणूस दिसला की तिला फळा दिसतो. तिच्यात आणि ल्युबित्सात वांग्यावरून जे चालले होते, ते ही दोन घरे या जिन्यात राहायला आली त्या सालापासून. दर सप्टेंबरात दोघी अंगणात एकाच वेळी चुली मांडीत, एकमेकींच्या पातेल्यात डोकावत, कडाडून भांडत, आणि भाजी आणायला मात्र जोडीने जात.

"मेतोदिया, अहो या. मला काय, तुमचं तुम्ही करा," फान्का म्हणाली, "पण एक वांगं. एकच. वांग्यानं बांधणी येते, आय्वार मऊ होतो. हे मत नाही, शास्त्र आहे."

"फान्काबाई, घरून स्पष्ट आदेश आहेत."

"वाटलंच. तिला सांगा, पावावर फासायचं असतं, भिंतीला नाही."

सरकारी माणूस चिथावणीला उत्तर देत नाही. मेतोदिया वर गेला आणि मिरच्यांच्या तयारीला लागला.

मंडईतली मिरची त्याने स्वतः निवडली. कापिया नावाची ही मिरची म्हणजे आपल्या ढब्बू मिरचीची उंच, लालभडक बहीण. मेतोदियाने रूप पाहिले. चमकदार, डौलदार, जरा वळणाच्या अशा मिरच्यांची पोती त्याने हमालाकडून घरी आणवली. सेव्दाआजींनी पोत्यात हात घातला, एक मिरची वर काढली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.

"देखणी आहे रे," त्या म्हणाल्या. "पण हिला भाजायची कशी? सरळ आणि जड बघायची असते. ही वाकडी. तव्यावर ठेवलीस की एक अंग जळणार अन् एक कच्चं राहणार. हिला फ्रेममध्ये लाव."

आता भाजायचे कुठे, हा प्रश्न होता. खरे म्हणजे हा प्रश्न बितोलात कुणालाच पडत नाही. सप्टेंबर लागला की प्रत्येक इमारतीच्या अंगणात पत्र्याच्या शेगड्या निघतात, लाकडे पेटतात आणि साऱ्या गावाला भाजक्या मिरचीचा वास लागतो. मेतोदियानेही शेगडी खाली आणली. लाकूड बीचचेच, निवडून आणलेले. आणि काडी ओढणार तोच आपोस्तोल येऊन उभा राहिला.

"मेतोदिया, हे काय?"

"मिरच्या भाजतोय."

"ते दिसतंय. पण ते वाचलंत का?" आपोस्तोलने प्रवेशदाराकडे बोट केले.

दाराशेजारी, काचेआड, पिवळी पडलेली एक सूचना होती. 'इमारतीच्या आवारात उघड्यावर विस्तव पेटविण्यास सक्त मनाई आहे. उल्लंघन करणाऱ्याची गय केली जाणार नाही.' खाली सही होती, आणि ती सही झोकदार होती. मेतोदियाचीच होती. कधी काळी कुणाच्या तरी गॅरेजला आग लागली, तेव्हा त्याने साऱ्या गावात ही सूचना लावून घेतली होती आणि आपल्या इमारतीपासून सुरुवात केली होती. त्यानंतर दर सप्टेंबरात बायका तिच्या पुढ्यातच चुली पेटवीत आल्या. आणि मेतोदिया त्या दिवसांत घरी यायचा तो मागच्या दाराने. जे दिसले नाही त्यावर कारवाई करता येत नाही, आणि जे ताटात येते ते कुठे शिजले हे विचारणे त्याच्या विभागाच्या कक्षेत येत नव्हते.

"आपोस्तोल, अहो, बायका दरवर्षी पेटवतात!"

"बायकांनी सही केलेली नाही. तुम्ही केलीत."

दुसऱ्या कुणाचा नियम असता तर मेतोदियाने वळसा घालून वाट काढली असती, तसा तो त्या कामात वाकबगार होता. पण स्वतःची सही मोडायची म्हणजे आजवर ज्यांना ज्यांना दंड केला त्या सगळ्यांची माफी मागण्यासारखे होते. त्याने शेगडी उचलली आणि ताठ मानेने वर गेला. विजेची शेगडी हा विस्तव नव्हे, असा त्याने नियमाचा अर्थ लावला, आणि तो अर्थ योग्यच होता.

बाल्कनीत विजेच्या दोन शेगड्या लावल्या आणि मिरच्या मांडल्या. पहिली फेरी उत्तम झाली, म्हणजे वाकड्या मिरच्या एका अंगाने जळल्या आणि एका अंगाने कच्च्या राहिल्या. दुसऱ्या फेरीला कामाला वेग यावा म्हणून त्याने तिसरी शेगडी लावली. खाली कुठेतरी 'फट्' झाले आणि जिन्यातल्या सगळ्या घरांची वीज गेली. चौथ्या मजल्यावर आपोस्तोलचे शर्ट धुलाईयंत्रात साबणाच्या पाण्यात बुडालेले राहिले. आणि जे शर्ट आधीच धुऊन बाल्कनीत वाळत घातले होते, त्यांना खालून इतका वेळ धुरी मिळत होती, की ते सॉसेजसारखे टिकले असते.

आपोस्तोल खाली आला. हातात शर्ट होता. तो मेतोदियाच्या नाकाला लावून तो म्हणाला, "घ्या! बीचचा वास येतो का बघा!"

मेतोदियाला अन्याय वाटला, कारण वीज वापरली असताना बीचचा वास येणे शक्यच नव्हते. पण जिन्यात माणसे जमली होती आणि अंधारात कुणीतरी हसत होते. माणसाने एवढे नियम पाळावेत आणि शेवटी चारचौघांत त्याच्या नाकाला शर्ट लावावा, याचे त्याला खरोखर वाईट वाटले. तो अर्धवट भाजलेल्या मिरच्यांचे घमेले घेऊन जिन्यात तसाच उभा राहिला.

"चल खाली," सेव्दाआजी म्हणाल्या.

"आजी, खाली सूचना आहे."

"कुठाय सूचना?"

तो खाली गेला. दाराशेजारी सूचना नव्हती. तिच्या जागी सेव्दाआजींची लाल मिरच्यांची भलीमोठी माळ लटकत होती, काच पूर्ण झाकून. "इथं एक खिळा चांगला आहे," आजी म्हणाल्या. "सप्टेंबरात वाळायला लावते, ऑक्टोबरात काढते. इतकी वर्षं लावतेय. तू मागच्या दारानं यायचास, तुला कसं दिसणार?"

आपोस्तोलने माळेकडे पाहिले. समितीच्या अध्यक्षाला म्हातारीची माळ उचलता येईल असा नियम कुठेच नव्हता. तो शर्ट घेऊन वर गेला.

मग मेतोदियाला फान्काच्या शेगडीवर जागा मिळाली, आणि जागेबरोबर शेगडीभोवती बसलेल्या तमाम बायांची शिकवणीही. मिरची चिमट्याने न धरता बोटांनी देठाला धरून कशी फिरवायची, काळे फोड आले की लगेच पातेल्यात टाकून वर जाड कापड कसे घालायचे, म्हणजे आतल्या वाफेने साल सुटते. साल सोलायची वेळ आली तेव्हा बोटांना चिकटलेली काळी सालपटे पाहून त्याने सहज नळ उघडला. एकदम सगळ्या बायका ओरडल्या.

"धुवू नका! चव गटारात घालवता काय?"

"नोंद घेतली," मेतोदिया म्हणाला आणि नळ बंद केला. संध्याकाळपर्यंत त्याच्या भुवयांना सालपटे लागली होती आणि बोटांची आग आग होत होती. मिरच्या निथळत टाकून तो वर गेला, ल्युबित्साला फोन केला आणि म्हणाला, "सगळं योजनेप्रमाणे चाललंय."

दुसऱ्या दिवशी मिरच्या हाताच्या यंत्रातून दळून झाल्या आणि अंगणात मोठे पातेले चढले. ल्युबित्साचेच, रुंद तोंडाचे. मेतोदिया लांब लाकडी कलथा घेऊन उभा राहिला आणि ढवळू लागला. आय्वार रटरटत होता, मधूनच उडून मनगटाला चटके देत होता, पण मेतोदियाचा हात थांबला नाही. तेल घातले, मिरचीने ओढले. आणखी घातले, तेही ओढले. दुपारनंतर ती तेल सोडू लागली, आणि 'ओढणे' म्हणजे काय हे त्याला एकदम कळले. कलथा फिरवला की बूड दिसून मिटत होते. आता थोडाच वेळ. रंग असा धरला होता, की सेव्दाआजी खुर्चीवरून उठून बघून गेल्या आणि काही बोलल्या नाहीत. ही या अंगणातली सर्वांत मोठी पदवी होती. मेतोदियाच्या डोळ्यांपुढे माल्मोची बशी आली, लेकीचा चेहरा आला, ल्युबित्साचा तर आलाच आला.

तेवढ्यात फान्का जिन्यातून बाहेर आली. हातातल्या बशीत दोन भाजलेली, सोललेली वांगी होती.

"नाही," मेतोदिया म्हणाला.

"मी काही बोलले तरी का?"

"फान्काबाई, बशी खाली ठेवा."

"अहो, शास्त्र म्हणून बघा ना. इथं तेल वेगळं पडतंय, तिथं गर वेगळा. वांगं घातलं की दोघांची मैत्री होते. लेकीला घशाखाली मऊ उतरेल. अडल्या पोरीला कसला भिंतीचा गिलावा खायला घालता?"

"गिलावा?" मेतोदिया तिच्याकडे वळला. आजवर त्याने आय्वारविषयी खूप बोलून घेतले होते, पण ल्युबित्साच्या वतीने उभे राहायची पाळी पहिल्यांदाच आली होती, आणि ती त्याला आवडली. "माझी बायको या जिन्यातला सर्वांत चांगला आय्वार करते!"

"करते तर! तोंडात धरला की दात अडकतात!"

"निदान दात वापरावे तरी लागतात! तुमच्या आय्वारला आमच्या घरात काय म्हणतात माहीतय? मलम म्हणतात! मलम!"

फान्का पांढरीफटक पडली. "कोण म्हणतं मलम?"

"सगळे म्हणतात! गुडघ्याला लावतात!"

"मेतोदिया, तुमच्या वयाकडे बघून—"

"आणि ज्या बाईला वांग्याची गरज पडते तिला मिरचीवर भरवसा नाही, हे माझं स्पष्ट मत आहे! लिहून देतो! सही करून देतो!"

"सही? तुमच्या सहीवर आजी मिरच्या वाळवतात!"

हे फार लागले. कलथा हवेत धरून मेतोदिया सुव्यवस्था विभागाने या गावासाठी काय काय केले ते सांगू लागला. फान्काने बशी हलवत त्याला शाळेजवळच्या गटाराची आठवण करून दिली. गटारावरून गोष्ट पुलावर गेली, पुलावरून एलित्साच्या लग्नात फान्काला बसायला मिळालेल्या जागेवर.

"वास येतोय," सेव्दाआजी म्हणाल्या.

दोघे थांबली. मेतोदियाने कलथा पातेल्यात घातला. खाली काहीतरी घट्ट लागले. बूड दिसत नव्हते, कारण बुडावर काळा थर बसला होता.

"ढवळू नका!" फान्का ओरडली. "खालचं हलवू नका! वरचं वर काढा!"

फान्काने बशी बाजूला ठेवली, पदर खोचल्यासारखा अॅप्रन घट्ट बांधला आणि गरम बरण्या पुढे केल्या. मेतोदिया वरवरचा आय्वार डावाने काढून भरत गेला. एक डाव त्याने चाखला, पण त्याला काही चव कळली नाही. लेकीने मागितले होते ते एवढेसेच, आणि तेवढेही त्याच्या हातून नीट झाले नव्हते. उद्या शनिवार. गाडी सकाळी निघणार होती.

"माझ्या बरण्या घेऊन जा," फान्का म्हणाली. "परवाच केल्यात."

मेतोदिया मान खाली घालून उभा राहिला.

"मलम आहे," फान्का म्हणाली, "पण चालेल. पोरीच्या पोटात काहीतरी जाऊ दे. तुमची इज्जत काय, ती सोमवारपर्यंत उपाशी राहिली तरी मरत नाही."

"आभारी आहे," मेतोदिया म्हणाला. एवढा लहान शब्द त्याला उच्चारायला इतका जड कधी गेला नव्हता.

"आणि हे पातेलं मी नेते. घासून देते. तुमच्यानं नाही व्हायचं." तिने पातेले उचलले आणि ती जिना चढून गेली.

खोक्यात फान्काच्या बरण्या भरल्या. पण बायकोपासून लपवाछपवी करणे मेतोदियाच्या स्वभावात नव्हते. त्याने आपल्या आय्वारच्या दोन बरण्या जुन्या स्वेटरात गुंडाळून कोपऱ्यात ठेवल्या आणि वर चिठ्ठी लावली: 'खाऊ नये. ल्युबित्साने फक्त पाहावे.' उरलेल्या बरण्या त्याने तळघरात, जुन्या सायकलीच्या मागे ठेवल्या. पुढचे दोन दिवस तो मागच्या दाराने ये-जा करत होता.

सोमवारी फोन वाजला. एलित्सा होती, आणि तिच्या तोंडात काहीतरी होते.

"बाबा, मला वाटलं हा तू केलायस."

"कुठला?"

"ज्यावर 'खाऊ नये' लिहिलंय तो. बाबा, तसं लिहिल्यावर तोच आधी उघडणार ना! अरे, हा तर आईचा आहे! अगदी आईचा! चमच्यानं खातेय. कालपासून एकदाही बाहेर आलं नाही. आणखी आहे का?"

"आहे," मेतोदिया म्हणाला. "सायकलीच्या मागे आहे. पुष्कळ आहे."

मग ल्युबित्साने फोन घेतला आणि दुसऱ्या खोलीत गेल्याचा, दार लावल्याचा आवाज आला.

"बुडाशी लागला ना?" तिने हळूच विचारले.

"तुला कसं कळलं?"

"कुणाशी भांडत होतास?"

"फान्काबाईंशी."

"वांग्यावरून?"

"वांग्यावरून सुरू झालं. मग पुलावर गेलं."

"माझंही पुलावरच जातं," ल्युबित्सा म्हणाली. "दरवर्षी. आणि दरवर्षी लागतो."

धुराचा वास, पाहुणे, बीचचे लाकूड, ल्युबित्साचे पाव आणायला आत जाणे, सगळे मेतोदियाच्या डोळ्यांपुढून ओळीने गेले. "मग तू मला इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू इतकं छान सांगायचास रे, लाकडाबद्दल." ती हसली. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाली, "आणि फान्काच्या बरण्या मी खातेय. मऊ आहे. चांगला आहे. तिला सांगितलंस तर बघ! बरं, पातेलं कुठाय?"

"फान्काबाईंनी नेलं. घासायला."

"घासायला? अरे वेड्या, खरवड खायला! तिला म्हणावं, माझी अर्धी ठेव."

"पण भांडणानंतर तुम्ही दोघी एकमेकींशी बोलत नसता."

"बोलत नाही. खातो."

मेतोदिया जिना उतरून दुसऱ्या मजल्यावर गेला, कोट घालून. फान्काने दार उघडले. टेबलावर पाव होता, पांढरे चीज होते, आणि एका वाडग्यात तेलाखाली काळसर लाल असे काहीतरी होते.

"ल्युबित्सानं निरोप दिलाय," तो औपचारिक आवाजात म्हणाला. "तिची अर्धी—"

"ठेवलीय." फान्काने फळीवरच्या छोट्या बरणीकडे बोट केले. "ही वाडग्यातली माझी."

मेतोदियाने वाडग्याकडे पाहिले. त्या पातेल्याचा आय्वार तो लग्नापासून खात आला होता, आणि त्याची खरवड त्याला कधी कुणी दाखवलीही नव्हती.

"आणि माझी?"

"तुमची कुठली? खरवड भांडणाऱ्याची असते." फान्काने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. मग पायानेच एक खुर्ची मागे ओढली. "तसे यंदा तुम्ही भांडलात म्हणा. बसा."

तो बसला. तिने त्याच्यापुढे वाडगा सरकवला आणि पाव कापायला सुरी घेतली, पण कापला नाही.

"माझ्या बरण्यांना काय म्हणाली ल्युबित्सा?" तिने सुरीकडे बघत विचारले.

मेतोदियाने उत्तराचा नीट विचार केला. उभ्या नोकरीत त्याने एवढ्या जबाबदारीचे विधान केले नव्हते.

"मलम म्हणाली," तो म्हणाला.

"मग ती ठणठणीत आहे," फान्का समाधानाने म्हणाली आणि तिने पाव कापला.